रॅम शिल्लक आहे, पण सलग नाही

मेमरी मॅनेजमेंटवर प्रश्न पाठवा असं गेल्या अंकात लिहिलं होतं आणि बरेच आले, त्यातले निम्मे तरी फ्रॅगमेंटेशनवरचेच, म्हणजे मेमरी तुकड्यांमध्ये वाया जाण्यावरचेच निघाले, म्हणून या वेळी फक्त तेच घेतेय. प्रश्न थोडे आटोपशीर केलेत, आशय तोच आहे. दुसरं उत्तर बरंच लांबलंय, पण तो विषयच तसा आहे.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंटर्नल आणि एक्स्टर्नल फ्रॅगमेंटेशनच्या व्याख्या पाठ आहेत पण डोक्यात बसत नाहीत. आणि माझ्या लॅपटॉपवर ३ जीबी रॅम मोकळी दिसत असताना एक जुना प्रोग्राम आउट ऑफ मेमरी म्हणून बंद पडतो, ते एक्स्टर्नल फ्रॅगमेंटेशनच ना?

व्याख्या जरा बाजूला ठेव. समज १०० केबीची मेमरी आहे आणि तिच्यात ओळीने १० प्रोग्राम बसलेत, प्रत्येकी १० केबीचे. त्यातले एक सोडून एक असे ५ संपले. आता ५० केबी मोकळी आहे, पण २० केबीचा नवा प्रोग्राम आला तर त्याला बसवता येत नाही, कारण मोकळी जागा दहा-दहाच्या पाच फटींमध्ये वाटली गेलीय आणि प्रत्येक दोन फटींच्या मध्ये कोणीतरी बसलंय. हे एक्स्टर्नल. आता उलटं बघ. सिस्टम म्हणाली की मी जागा देईन ती ४ केबीच्या पटीतच, तू मागितलेस ५००० बाइट, तुला मिळाले ८१९२, आणि उरलेले ३१९२ बाइट तुझ्या नावावर आहेत पण कोणाच्याच कामाचे नाहीत. हे इंटर्नल. एकात वाया गेलेली जागा तुकड्यांच्या मध्ये असते आणि दुसऱ्यात तुकड्याच्या पोटात, एवढं लक्षात ठेवलंस तरी परीक्षेत गोंधळ होणार नाही.

अजून एक सांगते कारण ते बऱ्याच जणांचं चुकतं. फर्स्ट फिट म्हणजे पहिली पुरेल ती फट घ्यायची, बेस्ट फिट म्हणजे सगळ्यात नेमकी बसेल ती शोधायची, आणि नाव ऐकून वाटतं की बेस्ट फिटच चांगलं असणार, पण नेमकी फट घेतली की मागे उरतो तो एवढुसा तुकडा, ज्यात पुन्हा काहीच बसत नाही, असे बारीक तुकडे साठत जातात. शिवाय शोधायला वेळ जातो तो वेगळा. म्हणून साध्या फर्स्ट फिटचा निकाल बऱ्याचदा तेवढाच चांगला किंवा बरा येतो. डोनाल्ड कनुथ यांनी १९६८ मध्ये यावर एक नियम मांडला, सिस्टम बराच वेळ चालून स्थिरावली की वापरातले जितके ब्लॉक असतात त्याच्या साधारण निम्म्या संख्येने फटी असतात. पन्नास टक्के नियम म्हणतात त्याला. आता कितीतरी नोट्समध्ये यावरून लिहिलेलं असतं की म्हणजे एक तृतीयांश मेमरी वाया जाते. असं नाहीये. नियम फटींच्या संख्येबद्दल बोलतो, आकाराबद्दल नाही, फटी बारीक असतील तर वाया जाणारी जागा कितीतरी कमी असेल.

आता तुझा लॅपटॉप. रॅमचं फ्रॅगमेंटेशन हे त्याचं कारण जवळजवळ नक्कीच नाही. प्रोग्राम जुना आहे म्हणतोस तर तो ३२ बिटचा आहे का ते आधी बघ. विंडोजवर ३२ बिट प्रोग्रामला स्वतःसाठी साधारण २ जीबीच पत्ते मिळतात, रॅम १६ जीबी असली तरी, आणि त्या २ जीबीमध्ये डीएलएल फाइली (प्रोग्रामला लागणाऱ्या तयार कोडच्या फाइली) इकडेतिकडे जाऊन बसलेल्या असतात, मग प्रोग्रामने एकदम ४००-५०० एमबीचा सलग तुकडा मागितला की मिळत नाही. म्हणजे फ्रॅगमेंटेशन असू शकतं, पण ते रॅममध्ये नाही, त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या पत्त्यांमध्ये आहे. दुसरी शक्यता कमिट लिमिटची, टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर कमिटेड म्हणून दोन आकडे असतात, पहिला दुसऱ्याला भिडला असेल तर सिस्टमने जेवढं देण्याचं वचन देता येतं तेवढं देऊन झालंय, आणि मग मोकळी रॅम दिसत असली तरी नवीन मागणी नाकारली जाते. पेजफाइल, म्हणजे रॅमला जोड म्हणून डिस्कवर असलेली फाइल, बंद करून ठेवणाऱ्यांना हे हमखास होतं.

प्रश्न: पेजिंग आलं आणि एक्स्टर्नल फ्रॅगमेंटेशन संपलं असं आम्हाला शिकवलंय. मग लिनक्समध्ये मेमरी कॉम्पॅक्शन नावाचा प्रकार कशासाठी आहे? संपलेल्या गोष्टीवर इलाज कशाला?

हा प्रश्न वाचून मला खरंच आनंद झाला, कारण शिकवलेलं खरं आहे आणि तरी कॉम्पॅक्शन लागतं, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदतात हे कळलं की अर्धी मेमरी मॅनेजमेंट कळली.

आधी पेजिंगने काय केलं ते. मँचेस्टरच्या अ‍ॅटलस कॉम्प्युटरमध्ये हे पहिल्यांदा आलं, १९६२ साली, टॉम किलबर्न आणि त्यांच्या टीमचं काम. त्याच्या मुख्य मेमरीत १६ हजारांच्या आसपास शब्द (शब्द म्हणजे मशीन एका वेळी हाताळतं तेवढा डेटा) मावायचे आणि मागे फिरत्या ड्रमवर त्याच्या सहापट, आणि प्रोग्रामला मात्र ही सगळी एकच सलग मेमरी वाटायची. त्यासाठी मेमरीचे ५१२-५१२ शब्दांचे तुकडे पाडले, ते पेज. आज आपल्या बहुतेक मशीनवर पेज ४ केबीचं असतं. कल्पना अशी की प्रोग्रामला जे पत्ते दिसतात ते खरे पत्तेच नसतात, मध्ये एक तक्ता असतो, पेज टेबल, आणि प्रत्येक वेळी प्रोसेसर त्या तक्त्यात बघून खरी जागा शोधतो. एखाद्या वहीत धडा सलग न लिहिता जिथे कोरं पान सापडेल तिथे लिहिला आणि पहिल्या पानावर नोंद ठेवली की धड्याचं पहिलं पान ४० वर, दुसरं ७ वर, तिसरं ११२ वर, तर वाचणाऱ्याला धडा सलगच मिळतो. फटी कुठेही असू देत, प्रत्येक फट निदान एका पेजची तरी असते आणि एक पेज कुठेही चालतं. म्हणून एक्स्टर्नल फ्रॅगमेंटेशन संपलं, हे खरं.

पण कोणासाठी संपलं, हे विचारायला हवं. जो त्या तक्त्यातून बघतो त्याच्यासाठी. तक्त्यातून न बघणारे, किंवा एका पेजवर न भागणारे, असेही गिऱ्हाईक असतात. पहिले म्हणजे हार्डवेअर डिव्हाइस, काही जुनी किंवा साधी डिव्हाइस थेट खऱ्या पत्त्यावर डेटा लिहितात, त्यांना आयओएमएमयूची (डिव्हाइससाठी पत्ते बदलून देणाऱ्या हार्डवेअरची) मदत नसेल तर बफर, म्हणजे डेटा ठेवायची जागा, सलगच लागतो. दुसरा खुद्द कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, लिनक्सच्या कर्नलची बरीचशी मेमरी रॅमशी सरळ एकास एक जोडलेली असते, तिथे सलग मागितलं म्हणजे खरोखर सलग हवं. तिसरी ह्यूज पेजेस, २ एमबीचं एक पेज म्हणजे ५१२ साधी पेज एका रांगेत आणि तीही २ एमबीच्या सीमेवरच सुरू झालेली. यांच्यासाठी जुनं दुखणं जसंच्या तसं शिल्लक आहे.

लिनक्स या सलग मागण्या बडी अलोकेटरने भागवतं. ही पद्धत केनेथ नोल्टन यांनी १९६५ मध्ये मांडली आणि मला ती अजूनही मेमरीमधल्या सगळ्यात सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. ब्लॉक फक्त दोनच्या घातांतले ठेवायचे, १ पेज, २, ४, ८ असे, लिनक्समध्ये नेहमीच्या सेटिंगला १०२४ पेजपर्यंत म्हणजे ४ एमबीपर्यंत, आणि या पायऱ्यांना म्हणतात ऑर्डर ०, ऑर्डर १, ते ऑर्डर १०. लहान ब्लॉक हवा असेल तर मोठा अर्धा करायचा, पुन्हा अर्धा, जोवर हवा तेवढा होत नाही तोवर. जे दोन अर्धे एका मोठ्यातून फुटले ते एकमेकांचे बडी. परत करताना बडी पण मोकळा असेल तर दोघं जोडून पुन्हा मोठा करायचा. आणि बडी शोधायला कुठे यादी चाळायला लागत नाही, पत्त्यातला फक्त एक बिट उलटा करायचा, ४ पेजचा ब्लॉक ८ नंबरला असेल तर त्याचा बडी १२ ला, आणि १२ वाल्याचा ८ ला. बस, एका एक्सऑरमध्ये काम झालं. याची किंमतही आहे, ५ पेज मागितली तर ८ चा ब्लॉक फोडायला लागतो, आणि शेजारी शेजारी असूनही १२ वाला आणि १६ वाला जोडले जात नाहीत कारण १६ चा बडी २० आहे. पण जोडणं इतकं स्वस्त आहे की साठ वर्षांनंतरही ते टिकून आहे.

आता बडी जोडी जोडायची तर दोघंही मोकळे लागतात, आणि इथे खरी मेख आहे. ४ एमबीच्या ब्लॉकमध्ये १०२४ पेज आहेत, त्यातली १०२३ मोकळी झाली आणि एकच अडून बसलं, तरी तो ब्लॉक पुन्हा अखंड होत नाही. ते एक पेज कोणाचं आहे यावर सगळं ठरतं. प्रोग्रामचा डेटा असेल तर काही अडत नाही, त्यातला मजकूर दुसऱ्या पेजवर कॉपी करा, पेज टेबलमधली नोंद बदला, प्रोग्रामला कळतही नाही. पण कर्नलने स्वतःसाठी घेतलेलं असेल, तर त्या पेजचा थेट पत्ता कर्नलमध्ये कुठे कुठे पॉइंटरमध्ये लिहून ठेवलेला असतो, आणि ते सगळे पॉइंटर शोधून बदलता येत नाहीत, म्हणून ते पेज हलत नाही. म्हणजे फ्रॅगमेंटेशनमध्ये किती मोकळं आहे यापेक्षा कोण हलू शकतं हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, आणि लिनक्सने नेमका तोच प्रश्न धरून इलाज केला.

पहिला इलाज मेल गोरमन यांचा, २००८ च्या २.६.२४ कर्नलमध्ये आला. पेजेसचे गट पाडले, हलू शकणारी, हलू न शकणारी, आणि हलत नसली तरी टाकून देता येतील अशी, आणि मेमरीचे साधारण ह्यूज पेजएवढे पट्टे करून शक्यतो एका पट्ट्यात एकाच गटाला बसवायचं. म्हणजे हट्टी पेज सगळीकडे विखुरण्याऐवजी थोड्या पट्ट्यांत गोळा होतात आणि बाकीचे पट्टे हवे तेव्हा पूर्ण रिकामे करता येतात. दुसरा इलाज तुम्ही विचारलेलं कॉम्पॅक्शन, तेही गोरमन यांचंच, २०१० मध्ये २.६.३५ ला. त्यात दोन स्कॅनर असतात, एक खालून वर जात हलवता येणारी पेज गोळा करतो, दुसरा वरून खाली येत मोकळी पेज शोधतो, खालची उचलून वर नेऊन ठेवायची आणि दोघं भेटले की थांबायचं, खालच्या बाजूला सलग जागा तयार होते. पहिल्यांदा हे मागणी आली की तेव्हाच व्हायचं, म्हणजे मागणारा प्रोग्राम ताटकळायचा, मग २०१६ मध्ये केकॉम्पॅक्टडी नावाचा वेगळा थ्रेड आला आणि २०२० च्या ५.९ पासून मागणी यायच्या आधीच थोडं थोडं आवरून ठेवायची सोय झाली.

हे सगळं मी पुस्तकातून शिकले नाही. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी मी सर्व्हर सांभाळायचे, तिथलं एक मशीन महिनाभर नीट चालायचं आणि मग नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरकडून लॉगमध्ये ओळी यायला लागायच्या, पेज अलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ५. ऑर्डर ५ म्हणजे ३२ पेज, फक्त १२८ केबी, आणि रॅम तर कित्येक जीबी मोकळी. आम्ही आधी रॅम वाढवली, त्रास काही आठवडे पुढे गेला आणि परत आला. मग लिनक्सच्या प्रॉक फोल्डरमधली बडीइन्फो नावाची फाइल उघडली, त्यात प्रत्येक ऑर्डरचे किती ब्लॉक मोकळे आहेत ते ओळीने दिसतं, ऑर्डर ० आणि १ खाली हजारोंचे आकडे आणि ५ पासून पुढे सगळी शून्यं. तेव्हा डोळ्यांनी बघितलं की मोकळी मेमरी म्हणजे सलग मेमरी नाही. त्यात अजून एक गोष्ट असते, लिनक्स ऑर्डर ३ पर्यंतच्या मागणीसाठी खूप खटपट करतो पण त्याच्या वरच्या मागण्यांना महाग समजतो आणि लवकर नाही म्हणतो. शेवटी ड्रायव्हरची नवी आवृत्ती घेतली, तिच्यात एक मोठा सलग बफर मागण्याऐवजी सुट्या पेजेसची यादी करून कार्डाला द्यायची सोय होती, आणि त्रास थांबला. सगळ्यात टिकाऊ इलाज बऱ्याचदा हाच असतो, सलग मागणंच सोडून द्यायचं. कर्नलने स्वतःही तेच केलंय, आधी प्रत्येक थ्रेडच्या कर्नल स्टॅकसाठी सलग पेज लागायची, ६४ बिट इंटेल मशीनवर १६ केबी म्हणजे ४ पेज, २०१६ च्या ४.९ कर्नलपासून ती विखुरलेली पेज घेऊन तक्त्यातून सलग दाखवता येतात.

प्रश्न: फोनसाठी आणि लॅपटॉपसाठी रॅम क्लीनर, रॅम डिफ्रॅग अशी ऍप्स मिळतात. टाकू का?

नका टाकू. रॅममध्ये कुठलाही पत्ता वाचायला साधारण सारखाच वेळ लागतो, फिरत्या हार्ड डिस्कसारखं डोकं इकडून तिकडे न्यावं लागत नाही, त्यामुळे डिस्क डिफ्रॅगसारखा फायदा इथे मुळातच नाही. आणि वरच्या उत्तरात बघितलंत तसं पेज हलवणं हे कर्नलचं काम आहे, साध्या ऍपला खऱ्या रॅमचे पत्ते दिसतच नाहीत. ही ऍप्स करतात काय तर दुसऱ्या प्रोग्राम्सची पेज बाहेर काढायला लावतात किंवा प्रोग्रामच बंद करतात, आकडा छान दिसतो आणि पुढच्या मिनिटाला तेच सगळं डिस्कवरून पुन्हा वाचावं लागतं. जी रॅम तुम्हाला वापरात दिसते तिच्यातली बरीचशी फाइल कॅश असते, गरज पडली की सिस्टम ती लगेच सोडते.

प्रश्न: पेज ४ केबीचंच का? मोठं केलं तर तक्ताही लहान होईल आणि कामही पटकन होईल ना? मी एका डेटाबेसच्या मदतपुस्तिकेत ट्रान्सपरंट ह्यूज पेज बंद करा असं वाचलं, ते उलटंच वाटलं.

तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि म्हणूनच ह्यूज पेज निघाली. हिशोब बघा. ६४ बिट इंटेलवर नेहमीचा पत्ता ४८ बिटचा, त्यातले १२ बिट पेजच्या आतली जागा सांगतात आणि उरलेल्या ३६ चे नऊ-नऊचे चार भाग, म्हणजे तक्ता चार मजल्यांचा. एक पत्ता शोधायला चार वेळा मेमरी वाचायची तर सगळंच संथ होईल, म्हणून प्रोसेसर सापडलेली उत्तरं टीएलबी नावाच्या छोट्या कॅशमध्ये ठेवतो. इंटेलच्या २०१५ च्या स्कायलेक प्रोसेसरमध्ये दुसऱ्या पातळीच्या टीएलबीत १५३६ नोंदी होत्या. ४ केबीची पेज असतील तर त्या फक्त ६ एमबी झाकतात. २ एमबीची असतील तर ३ जीबी. मोठा डेटा उलटसुलट वाचणाऱ्या प्रोग्रामला हा फरक चांगलाच जाणवतो. अ‍ॅपलने तर स्वतःच्या चिपवर साधं पेजच १६ केबीचं घेतलंय.

मग सगळंच मोठं का नाही? कारण इंटर्नल फ्रॅगमेंटेशन. प्रत्येक सलग भागाच्या शेवटी सरासरी अर्धं पेज वाया जातं असं धरतात, अर्धं म्हणजे ४ केबीच्या हिशोबात २ केबी, कोणाला पडलंय, पण २ एमबीच्या हिशोबात १ एमबी, आणि प्रोसेसकडे असे शेकडो छोटे भाग असतात. डेटाबेसचं म्हणाल तर ट्रान्सपरंट ह्यूज पेज म्हणजे लिनक्सने आपणहून ह्यूज पेज देणं, ते बंद करायचा सल्ला रेडिस या डेटाबेसच्या कागदपत्रांत आहे आणि त्याचं कारण नेमकं आहे, रेडिस डेटा डिस्कवर लिहायला फोर्क करतं, म्हणजे चालू प्रोग्रामची एक प्रत बनवतं, सुरुवातीला दोघांची पेज एकच असतात आणि जो लिहील त्याच्यापुरती कॉपी होते. ४ केबीचं पेज असेल तर एका छोट्या बदलासाठी ४ केबी कॉपी, ह्यूज पेज असेल तर तेवढ्याच बदलासाठी २ एमबी. मेमरी फुगते आणि उत्तरं अडखळतात. म्हणून ह्यूज पेज सरसकट चांगली किंवा वाईट असं मी कधीच सांगत नाही, तुमचा प्रोग्राम कसा लिहितो ते आधी बघा. घ्यायचीच असतील तर मशीन चालू झाल्या झाल्या राखून ठेवा, विंडोजच्या कागदपत्रांतही हेच म्हटलंय, सिस्टम बराच वेळ चालली की मोठी पेज मिळणं अवघड होतं.

प्रश्न: आमचा सी++ मधला सर्व्हर दिवसा लोड वाढला की ६ जीबी घेतो, रात्री लोड जवळजवळ शून्य असतो तरी ५ च्या खाली येत नाही. लीक तपासणारी टूल्स चालवली, एकही लीक नाही. मग मेमरी जाते कुठे?

कुठेच जात नाही, अडकून पडते. लीक म्हणजे घेतलेली मेमरी परत करायची राहून जाणं, ते इथे नाही. तुमचा प्रोग्राम फ्री करतो ती मेमरी सरळ ऑपरेटिंग सिस्टमकडे जात नाही, मध्ये मॅलॉक बसलेलं असतं, ते ऑपरेटिंग सिस्टमकडून घाऊक घेतं आणि तुम्हाला किरकोळ देतं. ग्लिबसी ही लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी, तिच्या मॅलॉकमध्ये सुरुवातीला १२८ केबीच्या वरचे तुकडे एममॅपने थेट ऑपरेटिंग सिस्टमकडून स्वतंत्र घेतले जातात आणि फ्री केले की लगेच परत जातात, लहान तुकडे मात्र हीप नावाच्या एकाच मोठ्या भागात असतात आणि हीप आपोआप आकसतो तो फक्त वरच्या टोकाकडून. दिवसभरात दहा लाख छोटे ऑब्जेक्ट बनले, रात्री त्यातले ९९ टक्के गेले, पण उरलेला एक टक्का, कोणाचं सेशन, कुठली कॅशमधली नोंद, सगळ्या पेजेसवर एकेक करून पसरलेला असेल तर प्रत्येक पेज त्या एका ऑब्जेक्टपायी अडून राहतं. दुसऱ्या उत्तरातली तीच गोष्ट, फक्त एक मजला वर. आणि इथे पेज टेबलची मदत होत नाही कारण सी++ मध्ये ऑब्जेक्टचा पत्ता प्रोग्रामच्या हातात असतो, तो हलवला तर पॉइंटर चुकीचे होतात. जावासारख्या भाषांत गार्बेज कलेक्टरला सगळे पॉइंटर माहीत असतात म्हणून तो ऑब्जेक्ट उचलून एकत्र करू शकतो.

हलवायचं नाही असं ठरलं की यातून पूर्ण सुटका नाही, हे गणिताने सिद्ध झालंय. जे. एम. रॉबसन यांनी १९७१ मध्ये दाखवलं की अलोकेटर कितीही हुशार असला तरी मागण्यांचा असा क्रम रचता येतो की खऱ्या गरजेच्या कितीतरी पट मेमरी लागेल, आणि सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान मागणीतलं प्रमाण जितकं मोठं तितकी ती पट वाढते, लॉगच्या हिशोबाने. प्रत्यक्षातले प्रोग्राम इतके वाईट वागत नाहीत, पण मला या निकालाचा उपयोग असा होतो की आकारांची विविधता कमी केली की धोका कमी होतो हे त्यात दिसतं. कर्नलमधला स्लॅब अलोकेटर तेच करतो, जेफ बॉनविक यांनी १९९४ मध्ये सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टमसाठी मांडला, एका प्रकारच्या ऑब्जेक्टसाठी वेगळी पेज, सगळे एकाच मापाचे, म्हणजे एक गेला की त्याच जागी दुसरा नेमका बसतो. आजचे चांगले मॅलॉकही मापांचे ठरावीक वर्ग करतात. फायरफॉक्सने २००८ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत जेमॅलॉक नावाचं असंच एक मॅलॉक घेतलं ते याच त्रासामुळे, लोक दिवसभर टॅब उघडबंद करायचे आणि मेमरी खाली यायचीच नाही.

तुम्ही काय कराल? आधी माझा तर्क बरोबर आहे का ते बघा, रात्री लोड नसताना एकदा मॅलॉक ट्रिम हे फंक्शन बोलवा, ते हीपच्या मधली पूर्ण मोकळी पेजसुद्धा परत करतं. आकडा धाडकन खाली आला तर ग्लिबसी मेमरी धरून बसलं होतं, नाही आला तर पेज खरंच अर्धवट भरलेली आहेत. थ्रेड खूप असतील तर अरीनांची, म्हणजे मॅलॉक थ्रेडसाठी जे वेगवेगळे साठे ठेवतं त्यांची, संख्या कमी करून बघा, ६४ बिटवर ग्लिबसी कोअरच्या आठपट अरीना बनवू शकतं आणि प्रत्येकीत वेगळ्या फटी असतात. मग जेमॅलॉक लावून तोच लोड चालवा, त्याला कोड बदलावा लागत नाही. आणि थोडे कष्ट घ्यायची तयारी असेल तर सगळ्यात जास्त फरक पडतो तो आयुष्यमानाप्रमाणे वेगळं ठेवण्याने, एका रिक्वेस्टपुरत्या गोष्टी एका पूलमधून घ्या आणि रिक्वेस्ट संपली की अख्खा पूल एकदम सोडा, रात्रभर जगणाऱ्या कॅशच्या नोंदी त्यांच्यात मिसळू देऊ नका. २०१९ मध्ये मेश नावाचा एक अलोकेटर आला, त्याची युक्ती मला फार आवडली, दोन अर्धवट भरलेल्या पेजेसमधले ऑब्जेक्ट एकमेकांच्या जागेवर येत नसतील तर दोन्ही पेज एकाच खऱ्या पेजवर एकावर एक ठेवायची आणि पेज टेबलमध्ये दोन्ही पत्ते त्याच्याकडे वळवायचे. पॉइंटर तसेच, मेमरी अर्धी.

प्रश्न: मी छंद म्हणून आर्डुइनो उनोवर सेन्सरची नोंद ठेवणारं यंत्र केलंय. स्ट्रिंग जोडून मजकूर बनवतो आणि पाठवतो. दोन-तीन दिवस चालतं, मग मजकूर अर्धवट यायला लागतो, मग अडकतं. रीसेट केलं की पुन्हा ठीक. हे पण फ्रॅगमेंटेशन का?

लक्षणं तरी तीच दिसतायत. आर३ पर्यंतच्या उनोच्या चिपमध्ये २ केबी रॅम आहे, २०४८ बाइट, आणि एमएमयू, म्हणजे पत्ते बदलून देणारं हार्डवेअर नाही, पेज टेबल नाही, विखुरलेलं सलग दाखवणारं कोणीच नाही. हीप खालून वर वाढतो, स्टॅक (चालू फंक्शनच्या तात्पुरत्या गोष्टींची जागा) वरून खाली येतो आणि मध्ये जे उरतं त्यात सगळं. तुम्ही स्ट्रिंगला एकेक तुकडा जोडता तेव्हा ती दर वेळी जरा मोठी जागा मागते, जागेवर वाढता आलं नाही तर नवीन जागेत कॉपी होते आणि जुनी फट मागे राहते. जागा नाहीच मिळाली तर स्ट्रिंग क्लास ओरडत नाही, जोडणं नुसतं होत नाही, म्हणून मजकूर अर्धवट येतो.

असं एमएमयू नसलेल्या मशीनवर हलवायची सोय करता येते, १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशने १२८ केबीमध्ये केली होती. प्रोग्रामला ब्लॉकचा पत्ता न देता हँडल द्यायचं, म्हणजे पत्ता जिथे लिहिलाय त्या जागेचा पत्ता, मग सिस्टम ब्लॉक सरकवून ती एकच नोंद बदलायची. पण २ केबीमध्ये एवढा खटाटोप परवडत नाही आणि गरजही नाही. तुमचा मजकूर जास्तीत जास्त किती अक्षरांचा होतो ते मोजा, समजा ८०, मग ८१ बाइटचा एक कॅरेक्टर ॲरे ग्लोबल म्हणून जाहीर करा, शेवटचा एक बाइट शून्यासाठी, आणि दर वेळी त्यातच लिहा, लांबी तपासणारं फंक्शन वापरून. स्ट्रिंगच ठेवायची असेल तर तीही ग्लोबल करा, सेटअपमध्ये एकदाच रिझर्व्ह बोलवून तेवढी जागा आधीच घ्या, आणि लूपमध्ये नवीन स्ट्रिंग बनवू नका, प्लसने जोडताना मध्ये तात्पुरत्या स्ट्रिंग तयार होतात त्याही टाळा. कोडमधला न बदलणारा मजकूर एफ मॅक्रोमध्ये घातलात तर तो फ्लॅशमध्येच राहतो आणि रॅम वाचते. लूप चालू झाल्यावर हीपला हातच लागला नाही तर फटी पडायला जागाच नाही. एवढं करूनही तीन दिवसांनी अडकलं तर स्टॅक खाली येऊन हीपला भिडतोय का ते बघायला लागेल, तेव्हा कोड पाठवा.